पडद्यावर नऊ भाग, कोर्टात सव्वीस वर्षं!

लखनऊच्या इंदिरानगरात भरदिवसा गोळ्या झाडणाऱ्या श्रीप्रकाश शुक्लाची कहाणी सिनेमात आली, वेब-मालिकेतही आली. ‘सत्य घटनांवरून प्रेरित’ अशी पाटी लावून आलेल्या या कथांनी प्रेक्षकांना रात्र-रात्र जागवलं. पण नायकाच्या छातीत गोळी घुसली की मालिका संपते... आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू होते!

गोमती ओलांडून फैजाबाद रस्त्याने पुढे निघालं की डाव्या हाताला इंदिरानगर लागतं. उत्तर प्रदेशच्या आवास विकास परिषदेने आखलेली ही वसाहत. आशियातल्या मोठ्या वसाहतींमध्ये आपली गणना होते, असं इथले रहिवासी छाती फुगवून सांगतात. एका सेक्टरला लागून दुसरा सेक्टर, भूतनाथची गजबजलेली बाजारपेठ, मुन्शी पुलियाचा चौक... मार्च २०१९ पासून तर विमानतळावरून निघालेली मेट्रोही थेट मुन्शी पुलियापर्यंत येते. सरकारी कारकून, जवळच्या एचएएल कारखान्यातले कामगार, निवृत्त शिक्षक, आयुष्यभराची पुंजी घालून दोन-तीन खोल्यांचं घर उभं केलेली माणसं. थोडक्यात, पुणेकरांचं जसं कोथरूड, तसं लखनऊकरांचं इंदिरानगर!

१९९७ च्या पहिल्या काही महिन्यांतली गोष्ट. याच इंदिरानगरात एके दिवशी भरदिवसा गोळ्यांचा कडकडाट झाला. रस्त्यावर कोसळलेला माणूस साधासुधा नव्हता. ते होते वीरेंद्र शाही. गोरखपूर पट्ट्यातले माजी आमदार. पूर्वांचलात ज्यांच्या नावाचा दरारा होता, ज्यांना ‘बाहुबली’ म्हणून ओळखलं जायचं, असे शाही राजधानीच्या एका मध्यमवर्गीय वस्तीत मारले गेले. आणि मारणारा होता जेमतेम चोविशीतला एक पोरगा... श्रीप्रकाश शुक्ला!

या एका हत्येने श्रीप्रकाशचं नाव उत्तर प्रदेशच्या घराघरांत पोहोचलं. पुढच्या दीड वर्षात ते बिहारात गेलं, दिल्लीत गेलं, पोलिसांच्या यादीत सर्वांत वर जाऊन बसलं. आणि आणखी वीस वर्षांनी ते लोकांच्या हातातल्या मोबाइलवर येऊन ठेपलं.

मास्तरांचा मुलगा

२२ डिसेंबर २०१८ रोजी झी-फाइव्हवर ‘रंगबाज’ ही नऊ भागांची मालिका आली. दिग्दर्शक भाव धुलिया, लेखक सिद्धार्थ मिश्रा. नायकाचं नाव शिवप्रकाश शुक्ला. श्रीप्रकाशचा ‘शिवप्रकाश’ केला की कायद्याच्या दृष्टीने पात्र काल्पनिक ठरतं, पण ओळखायचं ते ओळखणारे ओळखतातच! साकिब सलीमने ही भूमिका केली. सोबतीला तिग्मांशू धुलिया, रणवीर शौरी, आहाना कुमरा आणि रवि किशन अशी तगडी मंडळी होती. योगायोग असा, की या मालिकेत बाहुबली रंगवणारे रवि किशन पाचच महिन्यांनी, मे २०१९ मध्ये, गोरखपूरचे खासदार झाले. श्रीप्रकाशही गोरखपूरचाच!

त्याची मूळ कहाणी अशी सांगितली जाते. गोरखपूर जिल्ह्यातल्या मामखोर गावचा हा मुलगा. वडील शिक्षक. घरात शिस्त, अंगात पहिलवानी. १९९३ मध्ये गावातल्या एका माणसाने त्याच्या बहिणीची छेड काढली. श्रीप्रकाशने त्या माणसाला गोळी घातली आणि तो पळाला. काही काळ बँकॉकला राहून परत आला, तेव्हा तो मास्तरांचा मुलगा उरला नव्हता. बिहारमधल्या टोळ्यांशी संधान, सुपाऱ्या, अपहरणं, खंडणी आणि रेल्वेच्या कंत्राटांवर ताबा... पाच वर्षांत त्याने हे सगळं करून पाहिलं.

कथालेखकाला अशी सुरुवात मिळाली की आणखी काय हवं? बहिणीच्या अब्रूसाठी शस्त्र उचलणारा भाऊ! प्रेक्षक पहिल्याच प्रसंगात त्याच्या बाजूला जाऊन बसतो. पुढे तो पैशासाठी माणसं मारतो, ज्यांनी त्याचं काहीही वाईट केलं नाही अशांनाही मारतो, तरी मनातल्या मनात त्याला माफी मिळालेली असते. त्या बहिणीचं पुढे काय झालं, भावाच्या नावाचा शिक्का घेऊन ती कशी जगली, हा प्रश्न मात्र कुणालाच पडत नाही. कथेत तिचं काम एवढंच, की भावाला पिस्तूल उचलायला कारण मिळावं!

हिरोचं धड, गुंडाचं डोकं

श्रीप्रकाशला नायक करण्याचं काम मालिकावाल्यांच्या आधीच कुणीतरी करून ठेवलं होतं. आणि गंमत म्हणजे ते केलं होतं खुद्द पोलिसांनी!

त्याच्या मागावर असलेल्या पथकातले अधिकारी राजेश पांडे यांनी पुढे ही हकिकत सांगितली आहे. श्रीप्रकाश दिसतो कसा, हेच पोलिसांना ठाऊक नव्हतं. मोठ्या खटपटीने एका घरगुती समारंभातलं छायाचित्र हाती लागलं. पण ते जसंच्या तसं छापलं, तर कुणाच्या घरून आलं हे श्रीप्रकाशला लगेच कळणार आणि त्या माणसाची धडगत राहणार नाही. म्हणून पोलिसांनी युक्ती केली. छायाचित्रातला चेहरा कापून काढला आणि तो अभिनेता सुनील शेट्टीच्या चित्रातल्या धडावर बसवला. हेच चित्र वर्तमानपत्रांत गेलं आणि पुढे सगळीकडे श्रीप्रकाशचा फोटो म्हणून फिरत राहिलं.

खबर देणाऱ्याचा जीव वाचावा म्हणून केलेली ती युक्ती. तिला कोण नावं ठेवील? पण नियतीचा खेळ पाहा. गुंडाची देशभर पसरलेली ओळखच हिंदी सिनेमाच्या नायकाच्या पिळदार शरीराची झाली. पुढच्या मालिकांनी वेगळं काय केलं? त्यांनीही डोकं श्रीप्रकाशचं घेतलं आणि धड हिरोचं!

१९९८ : पोलीस आणि टीव्ही एकाच वेळी

हे सारं घडत होतं ते १९९८ साल भारतीय टीव्हीच्या इतिहासातही महत्त्वाचं आहे. मराठी प्रेक्षकांना गुन्ह्यांची मालिका नवी नव्हती. मुंबई दूरदर्शनवर १९८० च्या दशकात लागणारी ‘एक शून्य शून्य’ अनेकांना आठवत असेल. पोलिसांच्या दप्तरातली खरी प्रकरणं घेऊन बी. पी. सिंग यांनी ती केली होती आणि शिवाजी साटम तिच्यात होते. पोलिसांना बोलावण्याचा दूरध्वनी क्रमांक हेच मालिकेचं नाव! याच जोडीची ‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ रोजी सोनीवर सुरू झाली. पाठोपाठ मार्चमध्ये झी टीव्हीवर सुहेब इलियासी यांचा ‘इंडियाज मोस्ट वॉन्टेड’ आला. फरारी गुन्हेगारांची कृत्यं नटांकडून करवून दाखवायची आणि प्रेक्षकांनाच माहिती कळवण्याचं आवाहन करायचं, असा तो अजब कार्यक्रम. श्रीप्रकाशची कथाही त्यात दाखवली गेली. म्हणजे माणूस जिवंत, मोकाट असतानाच त्याच्यावर नाट्य बेतलं गेलं होतं!

लखनऊमध्ये त्याच सुमारास वेगळीच धावपळ चालली होती. मुख्यमंत्री कल्याणसिंह यांना मारण्याची सुपारी श्रीप्रकाशने घेतल्याची खबर पोलिसांकडे आल्याचं सांगितलं जातं. ४ मे १९९८ रोजी उत्तर प्रदेश पोलिसांचं स्पेशल टास्क फोर्स, म्हणजे एसटीएफ स्थापन झालं. प्रमुख होते अजयराज शर्मा, जे पुढे दिल्लीचे पोलीस आयुक्त झाले.

त्या काळात मोबाइल म्हणजे बड्या लोकांची चीज. येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. श्रीप्रकाशला मात्र मोबाइलचा भारी सोस. एकामागून एक सिमकार्डं बदलत तो तासन् तास बोलत बसायचा. एसटीएफने त्याचा हाच सोस पकडला. फोन कुठल्या टॉवरवरून लागतो, कुणाला लागतो, किती वेळ चालतो, याचा माग काढायला पोलीस नव्याने शिकत होते. आज हे तंत्र तालुक्याच्या ठाण्यातल्या पोलिसालाही ठाऊक आहे, पण तेव्हा ती जादूच होती. कबीर कौशिक यांच्या २००५ मधल्या ‘सहर’ या चित्रपटात अर्शद वारसी पोलीस अधिकारी झाला होता आणि पंकज कपूरने पोलिसांना मोबाइलची ही विद्या समजावणारा प्राध्यापक रंगवला होता. त्या चित्रपटाला आधार याच शोधमोहिमेचा.

सप्टेंबर १९९८ मध्ये दिल्लीलगतच्या गाझियाबादमध्ये एसटीएफने श्रीप्रकाशची मोटार अडवली. चकमक झाली. तो आणि त्याचे दोन साथीदार ठार झाले. वय जेमतेम पंचवीस!

‘रंगबाज’चा नववा भाग संपतो. प्रेक्षक टीव्ही बंद करतो, पाणी पिऊन झोपायला जातो...

न्हाव्याच्या दुकानाबाहेरचा फौजदार

पण झोपण्याआधी आणखी दोन नावं ऐकायला हवीत.

पहिलं नाव आर. के. सिंह. लखनऊ पोलिसांतले उपनिरीक्षक, आपल्याकडच्या भाषेत फौजदार. सप्टेंबर १९९७ मध्ये हजरतगंजच्या जनपथ मार्केटमधल्या एका केशकर्तनालयात श्रीप्रकाश येणार असल्याची खबर पोलिसांना लागली. सापळा रचला गेला. हजरतगंज म्हणजे लखनऊचं मुंबईच्या फोर्टसारखं ठिकाण. संध्याकाळी सहकुटुंब फिरायला जायचं, दुकानांच्या काचांमधून पाहत चालायचं, कुल्फी खायची, अशी तिथली रीत. अशा भरबाजारात श्रीप्रकाशला पकडायला पुढे झालेले आर. के. सिंह गोळी लागून मारले गेले. श्रीप्रकाश निसटला.

हा मृत्यू इंदिरानगरच्या हत्येनंतरचा आणि एसटीएफच्या स्थापनेआधीचा. म्हणजे हाती ना मोबाइलचा माग काढायची साधनं, ना खास पथकाचं पाठबळ. होता तो एक खबऱ्या, कमरेला सरकारी शस्त्र आणि समोर पैज लावून गोळ्या झाडणारा माणूस. श्रीप्रकाशचं नाव आज शाळकरी मुलांना ठाऊक असतं, पार्श्वसंगीत लावलेल्या त्याच्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात. आर. के. सिंह हे नाव किती जणांना आठवतं?

दुसरं नाव लक्ष्मेश्वर साहू. हे लखनऊचे नव्हेत, पाटण्यात मारले गेले. १३ जून १९९८ ची संध्याकाळ. बिहारचे माजी मंत्री बृजबिहारी प्रसाद न्यायालयीन कोठडीत असताना उपचारांसाठी पाटण्याच्या इंदिरा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत दाखल होते. रुग्णालयाच्या आवारात ते फिरत असताना मारेकरी मोटारींतून आले आणि गोळ्यांचा वर्षाव करून गेले. प्रसाद ठार झाले, त्यांच्याबरोबरचा अंगरक्षक ठार झाला. हा अंगरक्षक म्हणजेच लक्ष्मेश्वर साहू. मारेकऱ्यांमध्ये श्रीप्रकाशचं नाव आलं आणि त्याची दहशत दोन राज्यांत पसरली.

मालिकांच्या दृष्टीने हा नायकाच्या ‘कारकिर्दीचा’ कळसाध्याय. पण दोन कुटुंबांच्या दृष्टीने ती एका लांबलचक वाटचालीची पहिली पायरी होती.

तारखा... आणि पुन्हा तारखा

बृजबिहारी प्रसाद यांच्या पत्नी रमादेवी. त्या स्वतः १९९८ मध्येच मोतिहारीतून लोकसभेवर निवडून आल्या होत्या. पुढे शिवहर मतदारसंघातून २००९, २०१४ आणि २०१९ अशा सलग तीन वेळा निवडून गेल्या. या बाईंच्या खटल्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे.

हत्येचा तपास आधी पाटणा पोलिसांकडे, मग सीबीआयकडे. खालच्या न्यायालयाचा निकाल लागला २००९ मध्ये. म्हणजे अकरा वर्षांनी. आरोपींना जन्मठेप झाली. त्यांत माजी खासदार सूरजभान सिंह आणि माजी आमदार मुन्ना शुक्ला अशी वजनदार नावं होती. आता तरी संपलं? नाही! २०१४ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षांनी पाटी पुन्हा कोरी!

रमादेवी आणि सीबीआय सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे आणखी दहा वर्षं गेली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल आला. मुन्ना शुक्ला आणि मंटू तिवारी यांची जन्मठेप कायम झाली आणि दोघांना दोन आठवड्यांत शरण येण्याचा आदेश मिळाला. सूरजभान सिंह यांच्यासह बाकीच्यांना संशयाचा फायदा मिळून त्यांची सुटका कायम राहिली. यातले मुन्ना शुक्ला त्याच वर्षी झालेल्या लोकसभा निवडणुकीत वैशालीतून उमेदवार होते!

हिशेब मांडला तर सव्वीस वर्षांहून अधिक काळ. ज्या साली मूल जन्मावं, ते शिकून-सवरून नोकरीला लागावं, तेव्हा निकाल! आणि ही कहाणी एका खासदार बाईची. जिला वकील करता येतात, जिची वर्तमानपत्रं दखल घेतात. मग आर. के. सिंहांसारख्या फौजदाराच्या किंवा लक्ष्मेश्वर साहूंसारख्या अंगरक्षकाच्या घरच्यांनी कुणाच्या दारात जावं?

या खटल्यात एक माणूस पहिल्यापासून गैरहजर होता. श्रीप्रकाश शुक्ला! गाझियाबादच्या चकमकीत तो संपला, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ते स्वाभाविकच होतं. पण मेलेला माणूस साक्ष देत नाही. त्याला हत्यारं कुणी पुरवली, कुणाच्या बंगल्यात तो लपला, रेल्वेची कंत्राटं त्याच्या धाकाने कुणाच्या पदरात पडली, हे न्यायालयात शपथेवर सांगू शकणारा एकमेव माणूस त्या दिवशी गप्प झाला. पडद्यावर चकमक म्हणजे गोष्टीचा शेवट. प्रत्यक्षात कित्येक प्रश्न तिथे चौकशीशिवाय मिटले.

कॅमेरा कुणाच्या बाजूला?

मग खऱ्या घटनांवर मालिका काढूच नयेत का? तसं मुळीच नाही. पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने हाहाकार माजवला. दहा जणांचे खून झाले. ज्यांनी ते दिवस पाहिले ते सांगतात, तिन्हीसांजेला दारं बंद व्हायची, ओळखीचा आवाज आल्याशिवाय कडी निघायची नाही. मारेकऱ्यांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली आणि १९८६ मध्ये राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट त्यावर आला. पुण्याच्या त्या पिढीला इंदिरानगरची भीती समजावून सांगावी लागत नाही. गोळ्यांचा आवाज थांबल्यावर रस्त्यावर पसरणारी शांतता कशी असते, हे तिला ठाऊक आहे.

प्रश्न मालिका काढण्याचा नाही. कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे, हा आहे. २०१९ मध्ये आलेली ‘दिल्ली क्राइम’ ही मालिका पाहा. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या त्या भीषण घटनेवर ती बेतलेली. पण दिग्दर्शक रिची मेहता यांनी अत्याचाराचा प्रसंग पडद्यावर दाखवलाच नाही. कथा चालते ती तपास करणाऱ्या पोलीस उपायुक्त बाईंच्या नजरेतून आणि शेफाली शाहने ती भूमिका अशी केली, की खाकी वर्दीतला थकवा प्रेक्षकाला जाणवतो. थरार कुठेच कमी पडला नाही. उलट २०२० मध्ये या मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचं आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळालं, जे तोवर कुठल्याही भारतीय मालिकेला मिळालं नव्हतं. गुन्हेगाराला नायक न करताही लोक मालिका पाहतात, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

‘रंगबाज’चे पुढे आणखी दोन हंगाम आले. २०१९ मध्ये राजस्थानच्या एका गुंडावर बेतलेला, २०२२ मध्ये बिहारच्या एका बाहुबलीवर. प्रेक्षक आहे म्हणून मालिका आहेत. तेव्हा जबाबदारी एकट्या निर्मात्यावर टाकून चालणार नाही. घरात अशी मालिका लागली आणि शेजारी बसलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा नायकाच्या एखाद्या संवादावर टाळी वाजवू लागला, तर टीव्ही बंद करण्यापेक्षा त्याला एक साधा प्रश्न विचारावा... जो मेला, त्याचं नाव काय होतं? त्याच्या घरी कोण-कोण होतं? मालिकेत याचं उत्तर नसेल, तर ते का नाही, यावर जेवताना दहा मिनिटं बोलणं होईल. तेवढ्यानेही पुष्कळ काम होतं.

इंदिरानगर आता पार बदलून गेलं आहे. बैठ्या घरांच्या जागी मजले चढले, गल्लीच्या तोंडाशी गाड्यांची दाटी झाली, मेट्रोचे खांब उभे राहिले. भूतनाथच्या बाजारात संध्याकाळी खरेदीची झुंबड उडते. त्या गर्दीतल्या कितीतरी तरुणांचा जन्म १९९७ नंतरचा. आपल्या वस्तीत कुणी गोळ्या झाडल्या होत्या, हे त्यांना मालिकेमुळे कळलं. मारणाऱ्याचा चेहरा त्यांच्या मोबाइलमध्ये आहे.

तोही खरा नाही. धड कुणाचं, डोकं कुणाचं!